मॅडमचा डबा

"वाकचौरे, गुरुवारी बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या मॅडम येतायत. मासवडी करा. रस्सा जरा झणझणीत होऊ द्या," नवले सर स्कूटरवरून खाली न उतरताच म्हणाले.

मी ओट्यावर बसून लसूण सोलत होतो. आत सिंधू पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला आणि ती दारात आली. हाताला पीठ तसंच होतं.

"सर, या वर्षी आमच्याकडून नको."

"का हो वहिनी? दर वर्षी तुमचाच डबा जातो."

"या वर्षी वनिता परीक्षेला बसलीय."

"मग तर तुमचाच पाहिजे!" सर हसले. "घरचंच कार्य म्हणा की."

सिंधू हसली नाही. "धुमाळांकडून घ्या. धुमाळ वहिनी चांगलं करतात."

"धुमाळांच्या रश्श्यात वडी शोधावी लागते," सर म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यांनी स्कूटरला किक मारली. "बरं, सांगतो त्यांना. पण बाई नगरहून येणार, उपाशी परत जायला नको."

ते गेल्यावर आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. वनिता पुस्तकात बोट घालून उभी होती. तिनं आईकडे बघून नुसती मान हलवली आणि परत आत गेली.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. तेव्हा नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात कॉलेजच्या मागच्या रस्त्याला आमची खानावळ होती. सिंधू रांधायची. मी बाजार करायचो, डबे पोचवायचो. आता खानावळ नाही आणि सिंधूही नाही. तिला जाऊन वर्ष होत आलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला दुसऱ्या कॉलेजातले परीक्षक यायचे. त्यांच्या जेवणाची सोय आमचं कॉलेज करायचं. जेवण चांगलं झालं तर परीक्षकाचा हात मार्क देताना सैल सुटतो, असं पोरं, पालक, मास्तर सगळेच धरून चालायचे. खरंखोटं कुणी कधी बघितलं नव्हतं. सिंधूची मासवडी तालुक्यात नावाजलेली. बेसनाच्या पोळीत तीळ, खसखस आणि सुक्या खोबऱ्याचं सारण भरून ती माशाच्या आकाराची वळकटी करायची, तिच्या वड्या पाडायची आणि वर काळ्या मसाल्याचा रस्सा. परीक्षक बोटं चाटत. "माझ्या रश्श्यावर किती पोरं पास झाली, विचारा सरांना," असं ती सगळ्यांना हसून सांगायची. वनिता हे लहानपणापासून ऐकत आली होती.

त्याच्या आदल्या वर्षी वनिता बारावीला पहिल्यांदा बसली होती. पास झाली, पण काठावर. तिला बी. एस्सी. नर्सिंगला जायचं होतं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्ही विषयांत मिळून पंचेचाळीस टक्के तरी लागत होते. तिला बेचाळीस पडले.

त्याचं कारण आम्हाला कुणी सांगायला नको होतं. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं ती पहाटे उठून आईबरोबर पोळ्या लाटत होती. आमच्याकडे जेवायला येणारी पोरं राजूर, भंडारदऱ्याकडची. ती जेवून वेळेवर वर्गात जाऊन बसायची आणि वनिता भांडी आवरून मागून जायची. पहिल्या तासाला ती बहुतेक नसायचीच. निकालाच्या दिवशी त्यातलीच काही पोरं पेढे घेऊन आली. सिंधूनं पेढे घेतले, पोरांच्या तोंडावरून हात फिरवला आणि पोरं गेल्यावर चुलीपुढे बसून राहिली.

"पोरीचे टक्के मी दुसऱ्यांच्या ताटात वाढले," ती म्हणाली.

"असं काय बोलतेस?"

"खोटं असेल तर सांगा."



नवले सरांनीच मग सांगितलं की पास झालेल्या मुलालाही मार्क सुधारायला परत बसता येतं. सगळे विषय पुन्हा द्यायचे. जास्त पडले तर ते घ्यायचे, कमी पडले तर जुने आहेतच. सिंधूनं त्याच दिवशी वनिताला स्वयंपाकघरात पाय टाकायची बंदी केली. आतली खोली रिकामी करून दिली, दाराला जाड पडदा लावला. वर्षभर त्या पोरीनं पाण्याचा तांब्या सोडून कशाला हात लावला नाही. लाटणं एकट्या सिंधूच्या हातात आलं. संध्याकाळी ती मनगटाला तेल लावून बसायची, पण वनिता दिसली की हात पदराखाली घ्यायची.

सिंधूच्या भावाला हे पटलं नव्हतं. त्यानं संगमनेरचं एक स्थळ आणलं होतं. मुलाचं किराणा दुकान होतं. "पोरगी पास आहे ना? मग परत कशाला बसवता? नापास झालेली बसतात परत. लोक काय समजतील?" असं तो मला म्हणाला. शेवटी एवढं ठरलं की या वेळी जमलं तर नर्सिंग, नाही जमलं तर संगमनेर. मी त्याला हो म्हटलं होतं. वनिताही काही न बोलता कबूल झाली होती.

प्रॅक्टिकलच्या आधी तिनं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. नवले सर येऊन गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो.

"आई, या वर्षी मॅडमचा डबा तू नाही करायचास."

"का गं? वाईट होतो का माझा डबा?"

"चांगला होतो म्हणूनच. पोरी म्हणतील, आईच्या मासवडीवर पास झाली."

"म्हणू देत की. त्यांच्या आयांना येते का?"

"आई, हसू नको. त्या नाही म्हणाल्या तरी मला वाटेल. मला माझे मार्क किती आहेत ते बघायचंय. एकदाच. पडले तर पडले."

"पडले तर तुझा मामा टपूनच बसलाय."

"मामाशी मी बोलीन. डबा नको. शपथ घे."

सिंधूनं माझ्याकडे बघितलं. मग तिनं समोरच्या ताटातल्या पोळीवर हात ठेवला. "अन्नाची शपथ. नाही करणार."

आमच्या घरात अन्नाची शपथ कुणी घेत नसे. अन्न विकून पोट भरणारं घर. ती शपथ घेतली की विषय संपला.

गुरुवारी वनिता सकाळीच निघाली. सिंधूनं तिच्या हातावर दही दिलं. ती गेली आणि मी बाजारात गेलो. परत आलो तर गल्लीच्या तोंडाशीच खोबरं भाजल्याचा वास आला. खसखशीचा पण. घरात शिरलो. परातीत बेसनाची पोळी थापलेली होती आणि सिंधू ओल्या फडक्यावर तिची वळकटी करत होती.

"हे काय चाललंय?"

"दिसतंय ना?"

"अगं, तू शब्द दिलास. अन्नावर हात ठेवलास."

"ठेवला." ती मान वर न करता म्हणाली. "शब्द दिला, पण भीती कुठं ठेवू ते सांगा. उद्या एक-दोन मार्कांनी राहिली आणि संगमनेरला जाऊन वाण्याच्या घरी पोळ्या लाटायला लागली, तर मी कुणाला तोंड दाखवू? म्हणेन काय, शपथ होती म्हणून नाही केला डबा?"

"तिला कळलं तर?"

"कसं कळेल? धुमाळ वहिनींशी बोललेय मी. डबा त्यांचा, नाव त्यांचं, आतलं माझं. त्या तर खूश झाल्या. 'तालुक्यात माझ्या मासवडीचं नाव होईल की हो ताई,' म्हणाल्या. म्हटलं, होऊ दे."

मी तिथंच उभा राहिलो. तिला थांबवायचं माझ्या मनात आलं, पण खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. सिंधूच्या भावाला हो म्हणून बसलो होतो ना.

तिनं डबा भरला. धुमाळांचा चार पुडांचा पितळी डबा, त्यावर तांबड्या रंगात 'धु' लिहिलेलं. एका पुडात वड्या, एकात रस्सा, एकात भात, एकात कांदा-लिंबू. पोळ्या फडक्यात बांधून वर ठेवल्या. "सायकलवर नका नेऊ, रस्सा हिंदकळेल," ती म्हणाली. म्हणून मी डबा हातात धरून चालत नेला.

कॉलेजच्या मागच्या फाटकानं शिरलो. बायोलॉजीच्या लॅबबाहेर शिपाई भांगरेमामा स्टुलावर बसले होते.

"मामा, मॅडमचा डबा."

त्यांनी डब्यावरचा 'धु' बघितला, मग मला बघितलं. "डबा धुमाळांचा दिसतोय."

"हो."

"मग आणला तुम्ही कसा?"

"इकडं येतच होतो."

"बरं," मामा म्हणाले आणि डबा मांडीवर घेतला. मला खोकला आला. लॅबची खिडकी अर्धी उघडी होती. आत वनिताची पाठ दिसत होती. ती हातात ब्लेड धरून कशावर तरी वाकली होती. तिनं वळून बघायच्या आत मी निघालो. इतक्या घाईनं की फाटकाशी पायातली चप्पल सुटली, ती हातात घेऊन रस्त्यावर आलो.

दुपारी उशिरा डबा आणायला गेलो. मामांनी दिला. घरी आल्यावर सिंधूनं पुडं उघडून बघितली. सगळी स्वच्छ धुतलेली होती.

"बघा! धुऊन दिलाय. किती चांगल्या वळणाची बाई! सगळं संपवलंय." तिच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदा जरा रंग आला. मग तिनं वरच्या पुडातलं फडकं बाहेर काढलं आणि ती थांबली.

ते निळ्या चौकड्यांचं होतं. वनिताच्या शाळेच्या जुन्या गणवेशाचं. सिंधू जुन्या फ्रॉकांची फडकी करून पोळ्या बांधायची. या फडक्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्यानं 'व' काढलेला होता. शाळेत कपडे बदलून जाऊ नयेत म्हणून तिनंच काढला होता तो.

"घाईत हेच हाताला लागलं," ती हळू म्हणाली. "तिनं बघितलं असेल का हो?"

"डबा काय पोरांच्या टेबलावर मांडतात? आतल्या खोलीत नेला असणार."

"भांगरेमामांना विचारा ना."

"काय विचारू? कुणी बघितला का म्हणून? म्हणजे मग नसेल कळलं त्यालाही कळेल. सोड आता."

मी विचारलं नाही. सिंधूनं फडकं घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवलं.

वनिता दिवेलागणीला आली. हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन पोळपाटापुढे बसली.

"अगं, उठ. लेखी पेपर व्हायचेत अजून," सिंधू म्हणाली.

"थोड्या लाटते."

"कसं गेलं?"

"चांगलं गेलं."

"मॅडम कशा होत्या?"

"चांगल्या होत्या."

सिंधूला राहवलं नाही. "जेवल्या का नीट?"

वनितानं गोळा पिठात बुडवला, पोळपाटावर ठेवला. "मला काय माहीत? धुमाळांकडचा डबा होता," ती म्हणाली आणि लाटायला लागली.

मी सिंधूकडे बघितलं नाही. सिंधूनं माझ्याकडे बघितलं नाही.

निकाल लागला तेव्हा तिन्ही विषयांत मिळून साठ टक्के पडले. बायोलॉजीचे सगळ्यांत जास्त. मार्कलिस्टवर लेखीचे आणि प्रॅक्टिकलचे वेगळे दाखवत नव्हते, एकच आकडा यायचा. कॉलेजनं मार्क सुधारलेल्या मुलांचा सत्कार ठेवला. नवले सर स्वतः घरी आले.

"वनिता, पुढच्या पोरांना दोन शब्द सांग. कशी सुधारणा केलीस, किती वाचायचीस. त्यांना हुरूप येईल."

"मी काय सांगू सर?" ती म्हणाली. असं म्हणून तिनं आईकडे बघितलं. रागानं नाही. नुसतं बघितलं. "मला नाही यायचं."

सरांना वाटलं, पोर लाजते. सत्काराच्या दिवशी ती पोळ्या लाटत होती. लाउडस्पीकरवर तिचं नाव पुकारलेलं आम्हाला घरात ऐकू आलं. मग पुढचं नाव आलं.

तिला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला. संगमनेरचं स्थळ गेलं. ती शिकली, तिथंच मोठ्या दवाखान्यात लागली, तिथंच लग्न केलं. नवरा चांगला आहे. आईशी ती कधी वाकडं वागली नाही. सणावाराला येई, आईला साडी आणी, माझ्या खोकल्याचं औषध आणी. पण मासवडी तिनं त्यानंतर ताटात घेतली नाही. "पित्त होतं मला," एवढंच म्हणे. दोन-तीनदा असं झालं, मग सिंधूनं मासवडी करणंच सोडलं. गिऱ्हाईक मागायचं, तर "सारण बिघडतं हल्ली माझं," असं सांगायची. परीक्षकाचा डबाही त्या वर्षानंतर आमच्याकडून कधी गेला नाही.

वनिता येऊन गेली की एस.टी. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सिंधू उभी राहायची. मग घरी येता येता विचारायची, "तिला कळलं असेल का हो?"

"कुठून कळणार?"

"कळलं असणार. ती हसते ना, ते पुरतं हसत नाही."

"अगं, साठ टक्के काय एका डब्यानं पडतात?"

"किती पडतात एका डब्यानं?" ती विचारायची. "तीन पडतात? पाच पडतात? सांगा ना." मग ती म्हणायची, "मीच लाटणं हातात दिलं आणि मार्क घालवले. आणि ती परत उभी राहिली तर तिचे तिला घेऊ दिले नाहीत."

गेल्या वर्षी सिंधूच्या छातीचं दुखणं वाढलं. वनितानं तिला नाशिकला स्वतःच्या दवाखान्यात नेलं. रजा काढून तीच उशाशी बसायची. बाकीच्या सिस्टर मला सांगायच्या, "वाकचौरे सिस्टरसारखा हात कुणाचा नाही. शीर सापडत नाही तिथं आम्ही त्यांना बोलावतो." लग्नानंतरही दवाखान्यात तिला माहेरच्या नावानंच ओळखतात. सिंधू हे ऐकायची आणि डोळे मिटायची.

एका सकाळी मी चहा घेऊन आलो तेव्हा सिंधू वनिताचा हात धरून बोलत होती. "वने, मला एक सांगायचंय. तुझ्या त्या प्रॅक्टिकलच्या दिवशी..."

"आई, बोलू नकोस. दम लागतो."

"लागू दे. मी त्या दिवशी..."

"म्हटलं ना, नको." वनिता उठली. तिनं सलाईनची बाटली बघितली, जिथं काही बघायचं नव्हतं. "बरी झालीस की बोलू."

ती बरी झाली नाही.

दहावा प्रवरेच्या काठी केला. पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, बाईंचं काही राहिलं नव्हतं, सुखानं गेल्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

दुपारी घरी माणसं भेटायला येत होती. भांगरेमामा आले. पार थकलेले, काठी टेकत. भिंतीला टेकून बसले. वनितानं पाणी आणून दिलं आणि ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

"वहिनींच्या हाताला चव होती," मामा म्हणाले. "अख्खं कॉलेज जेवलं त्यांच्या हातचं. मी गरीब माणूस, घरून भाकरी आणायचो. वहिनींची मासवडी मी आयुष्यात एकदाच खाल्ली. ती पण चोरून."

"चोरून?"

"चोरून म्हणजे..." मामा कसनुसं हसले. "तुम्ही नव्हता का एकदा धुमाळांचा डबा आणला? मी तेव्हाच ओळखलं होतं, यात काहीतरी आहे. दुपारी डबा आत नेला, मॅडमच्या टेबलावर ठेवला. बाईंनी बघितला आणि मला म्हणाल्या, 'मामा, मला बाहेरच्या मसाल्यानं पित्त होतं. आणि परीक्षेच्या ठिकाणी मी खातच नाही. पण सरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. तुम्हीच खा.' पिशवीतून त्यांनी स्वतःचा डबा काढला. पोळी आणि मेथीची भाजी. तुमचा डबा मी मागच्या खोलीत बसून खाल्ला. काय सांगू, तिथं त्या बाटल्यांत बेडूक, साप ठेवलेले आणि मी मासवडी खातोय!" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोन वड्या घरी नेल्या, म्हातारीला. डबा घासून दिला तुम्हाला. रस्ता ओलांडून कितीदा आलो असेन, म्हटलं सांगावं. पण लाज वाटायची. परीक्षकाचं जेवण शिपायानं खाल्लं, असं कुणाला सांगू? आज वहिनी गेल्या, म्हणून माफी मागायला आलो."

वनितानं विचारलं,

"मामा, पोळ्या कशात बांधल्या होत्या?"

"फडक्यात. निळ्या चौकड्यांच्या." मामांनी आठवून सांगितलं. "मी डबा आत नेत होतो तेव्हा तू टेबलाशीच होतीस की. बघितलंस माझ्याकडं."

"हो," वनिता म्हणाली.

"आणि जेवताना बाईंनी तुझंच विचारलं मला. 'ती शेवटच्या टेबलाची मुलगी कोण? फुलाचा काप कागदासारखा पातळ घेतला तिनं, हात हलला नाही. पुढं काय करणार आहे?' मी म्हटलं, 'मला काय माहीत बाई? पोळ्या लाटते पोरगी.' त्यावर बाई हसल्या."

मामा गेले. वनिता चौकटीतच खाली बसली.

"डबा तुम्ही आणलात ते मला तेव्हाच कळलं होतं, दादा," ती म्हणाली. "तुमचा खोकला ऐकला मी. मग फडकं बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आईनं माझ्यासाठी अन्नाची शपथ मोडली. तिला वर मी काय बोलू?" ती गुडघ्यावर हनुवटी टेकून म्हणाली. "दवाखान्यात ती सांगत होती. मला कळत होतं काय सांगतेय ते. मीच बोलू दिलं नाही. मला वाटायचं, तिनं तोंडानं सांगितलं की ते खरं होईल. तोवर थोडी तरी शंका होती, मार्क माझेही असतील. तेवढीच माझी होती."

मला एवढंच दिसत होतं की त्या दिवशी लॅबबाहेर मी जरा वेळ थांबलो असतो, चप्पल हातात घेऊन पळालो नसतो, तर त्या बाईंना स्वतःचा डबा उघडताना बघितलं असतं. घरी येऊन सिंधूला सांगितलं असतं. ती कपाळावर हात मारून हसली असती. इतकी वर्षं हसली असती.

तेराव्याला गोडाचं झालं. ते आटोपल्यावर वनिता म्हणाली, "दादा, मासवडीचं सारण आई कसं करायची?"

"मी नुसतं बघितलंय."

"मग बघितलंय तसं सांगा."

मी सांगत गेलो, ती करत गेली. पहिली वळकटी उकलली. दुसरीही उकलली. तिसरी कशीबशी जमली. तिनं एक वडी सिंधूच्या फोटोपुढे ठेवली, एक स्वतः खाल्ली. उभ्यानंच. मी विचारलं नाही कशी झालीय. मग तिनं उरलेल्या वड्या डब्यात भरल्या, रस्सा वेगळ्या पुडात घातला, चार पोळ्या केल्या. ट्रंक उघडून तळातून ते निळं फडकं काढलं. त्याचा कोपरा तिनं अंगठ्यानं चाचपला, पोळ्या त्यात बांधल्या आणि डबा माझ्या हातात दिला.

"भांगरेमामांना नेऊन द्या. कुणी केलं, कुणी पाठवलं, सगळं सांगून द्या."

मी डबा हातात धरून चालत नेला. मामा अंगणात खाटेवर बसले होते. वनितानं केलंय, तिनंच पाठवलंय, मी सांगितलं. मामांनी फडकं बघितलं आणि गाठ सोडली. मी निघालो नाही. खाटेच्या कडेला बसून राहिलो. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, वडीचा घास घेतला. सावकाश चावला.

"वहिनींची चव नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो, आणि ते सगळं संपवीपर्यंत तिथंच बसलो.